आधी पाटी ठरवा, मग यंत्र!

गेल्या महिन्याभरात आलेल्या पत्रांत एकाच विषयाची चार पत्रं निघाली. त्यातलं एक सातारा जिल्ह्यातल्या दहावीच्या मुलीचं आहे. ती लिहिते, ''मला लाकूडकामाची आवड आहे. वाढदिवसाचे आणि भाऊबिजेचे पैसे दोन वर्षं साठवले, आजोबांनी भर घातली आणि वीस हजार रुपये झाले. मला सीएनसी राउटर घ्यायचा आहे. जाहिरातीत सगळीच यंत्रं उत्तम असतात. मी नेमकं कोणतं घेऊ? चुकीचं घेतलं तर पुन्हा एवढे पैसे जमायला दोन वर्षं लागतील.''

तिच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात शहाणं वाटलं. म्हणून आज 'हे घ्या' किंवा 'ते घ्या' असं एका ओळीचं उत्तर देत नाही. निवड करायची कशी, ते बघू. ते एकदा कळलं, की दुकानदार कितीही गोड बोलला तरी तुम्ही फसणार नाही.

राउटर म्हणजे वायफायचा डबा नव्हे!

सुताराकडचा राउटर तुम्ही पाहिला असेल. मुठीत धरायची एक जोरदार मोटर, तिच्या टोकाला गरगर फिरणारं धारदार पातं. त्या पात्याला म्हणतात बिट. दाराच्या चौकटीवरची नक्षी, फळीच्या कडेची गोलाई, खाच, खोबण ही सगळी त्याची कामं.

आता कल्पना करा, की राउटर सुताराच्या हातात नाही. तीन मोटरींनी तो धरलाय. एक मोटर त्याला डावीकडे-उजवीकडे नेते, दुसरी पुढे-मागे, तिसरी वर-खाली. गणितातले एक्स, वाय आणि झेड हे अक्ष ते हेच. आणि या तिन्ही मोटरींना हुकूम देतो संगणक. हुकूम असतात आकड्यांचे, म्हणून नाव सीएनसी, म्हणजे संगणकानं आकड्यांवर चालवलेलं यंत्र. 'जी१ एक्स५० वाय२० एफ६००' असा एक हुकूम बघा. त्याचा अर्थ, 'मिनिटाला ६०० मिलिमीटर वेगानं सरळ रेषेत एक्स ५०, वाय २० या जागी जा.' या भाषेला जी-कोड म्हणतात.

ही कल्पना काही कालची नाही. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात जॉन पार्सन्स नावाचे गृहस्थ हेलिकॉप्टरच्या पंखांची पाती बनवत. त्यांचा वळणदार आकार हातानं नेमका साधायला फार त्रास पडे. आकड्यांवर यंत्र चालवायची कल्पना त्यातून निघाली आणि १९५२ साली एमआयटी या संस्थेनं असं पहिलं यंत्र चालवून दाखवलं. हुकूम भोकं पाडलेल्या कागदी फितीवर असत. यंत्र इतकं अवाढव्य आणि महाग, की ते फक्त विमानांच्या कारखान्यांना परवडावं.

मग ते आपल्या टेबलावर कसं आलं? त्यात हौशी लोकांचा मोठा हात आहे. अमेरिकेत टेड हॉल नावाच्या प्राध्यापकांना प्लायवुडच्या बोटी बनवायचा छंद होता. तयार यंत्र परवडेना, म्हणून त्यांनी स्वतःच एक बनवलं आणि १९९६ मध्ये 'शॉपबॉट' नावाची कंपनी काढली. पुढे २००९ मध्ये नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांनी 'जीआरबीएल' नावाची आज्ञावली लिहिली. अर्दुइनोच्या एवढ्याशा पाटीवर बसून ती तीन मोटरी सांभाळते. त्यांनी ती सर्वांना फुकट खुली केली. आज बाजारात मिळणारे बहुतेक स्वस्त राउटर तिच्याच किंवा तिच्या भावंडांच्या जिवावर चालतात.

आधी एक प्रयोग

यंत्राच्या किमतीकडे वळण्याआधी एक प्लास्टिकची ३० सेंटिमीटरची पट्टी घ्या. टेबलाच्या कडेबाहेर तिचा १० सेंटिमीटर भाग काढा आणि उरलेला भाग एका हातानं घट्ट दाबून धरा. बाहेरच्या टोकावर एक खोडरबर ठेवा. टोक किती खाली गेलं, बघा. आता पट्टी २० सेंटिमीटर बाहेर काढा. तोच खोडरबर पुन्हा टोकावर. बघा बरं!

लांबी दुप्पट केली म्हणून वाक दुप्पट झाला का? छे! तो आठपट झाला, कारण वाक लांबीच्या घनानं वाढतो. दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ. (पट्टीचं स्वतःचं वजनही असतं, म्हणून तुमचा आकडा थोडा मागेपुढे येईल.) गोल दांड्याची गोष्ट याहून गमतीची. दांड्याची जाडी दुप्पट केली, की त्याच वजनाखाली वाक सोळाव्या हिश्श्यावर येतो.

आता हेच राउटरला लावा. बिट लाकडात घुसलं, की लाकूड त्याला उलटं ढकलतं. ज्या दांड्यांवर मोटर सरकते ते दांडे वाकले, तर बिट जिथे असायला हवं तिथे राहत नाही. गोल कापायला सांगावं आणि लंबगोल निघावा, कडा दातेरी याव्यात, बिट कडकन तुटावं, याचं एक मोठं कारण हे असतं. म्हणून पहिला धडा असा : मोठ्या यंत्रापेक्षा न वाकणारं यंत्र चांगलं.

काही विक्रेते छोट्या यंत्राला लांब दांडे लावून 'मोठं मॉडेल' म्हणून विकतात. दांड्याची जाडी तीच ठेवून लांबी ३० सेंटिमीटरवरून ४० केली, तर वाक किती वाढेल? वर सांगितलेल्या नियमानं काढून बघा. सव्वादोन पटींहून जास्त! म्हणजे जादा पैसे द्यायचे आणि लवचीक यंत्र घरी आणायचं.

पाटी आधी

आता मुख्य मुद्दा. यंत्रांची यादी मिटवून ठेवा आणि वहीचं कोरं पान घ्या. पहिल्या सहा महिन्यांत तुम्ही ज्या पाच वस्तू करणार आहात त्यांची नावं लिहा. 'काय वाट्टेल ते' असं लिहायचं नाही, बरं का! प्रत्येक वस्तूपुढे चार गोष्टी लिहा :

१. तिचा सगळ्यात मोठा सुटा तुकडा केवढा?
२. लाकूड कोणतं? प्लाय, पाइन, एमडीएफ, सागवान की शिसम?
३. जाडी किती?
४. नुसती वर कोरायची, की आरपार कापायची?

मोठा 'सुटा तुकडा' असं मी मुद्दाम म्हटलं. दोन फुटी देवघर एका फळीत थोडंच असतं? ते बाजू, माथा, पाया, खांब असे तुकडे जोडून होतं. हुशार माणूस छोट्या यंत्रावर मोठी वस्तू करतो. पण दोन फुटी अखंड फळीवर वेलबुट्टी हवी असेल, तर छोटं यंत्र घेऊन रडण्यात अर्थ नाही.

साताऱ्याच्या आपल्या मैत्रिणीनं पत्रात तीन वस्तू लिहिल्या आहेत : घरावरच्या नावाच्या पाट्या, कोरीव झाकणाची डबी आणि शाळेच्या प्रदर्शनासाठी महाराष्ट्राचा उठावाचा नकाशा. यातलं काहीच फुटाहून मोठं नाही. म्हणजे तिचा अर्धा प्रश्न सुटला!

वीस हजारांच्या आसपास जी यंत्रं मिळतात त्यांत सर्वात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे 'तीस-अठरा'. त्याच्या कामाची जागा साधारण ३० सेंटिमीटर बाय १८ सेंटिमीटर, म्हणून हे नाव. हे एका कंपनीचं नाव नव्हे. अनेक जण या मापाची यंत्रं बनवतात आणि सुट्या भागांच्या पेटीत पाठवतात. जोडणी आपणच करायची. भाव बदलत राहतात, पण हल्ली ती दहा ते पंचवीस हजारांच्या दरम्यान दिसतात. साठ बाय चाळीस सेंटिमीटरचं दणकट यंत्र घ्यायला गेलात, तर गोष्ट लाखाच्या आगेमागे जाते.

पाटीचं गणित

तीस-अठरावर पाटी होईल का? अंदाजानं नको, गणितानं बोलू.

पाटी २८० मिलिमीटर लांब आणि १२० मिलिमीटर रुंद. कडेनं एक फेरी म्हणजे ८०० मिलिमीटर. प्लाय १२ मिलिमीटर जाड. छोट्या यंत्राचं बिट एका फेरीत एकच मिलिमीटर खोल जाईल असं धरू. म्हणजे १२ फेऱ्या, एकूण ९,६०० मिलिमीटर प्रवास. वेग मिनिटाला ६०० मिलिमीटर. भागाकार करा : १६ मिनिटं. अक्षरं कोरायचा वेळ वेगळा. म्हणजे शनिवारची शाळा सुटल्यावर एक पाटी आरामात होते.

आता तीच पाटी २० मिलिमीटर जाड शिसमाची घ्या. लाकूड कठीण, म्हणून एका फेरीत अर्धाच मिलिमीटर. ४० फेऱ्या, ३२,००० मिलिमीटर. उत्तर येतं ५३ मिनिटांहून थोडं जास्त, तेही नुसती कड कापायला! यंत्र कापेल, पण तुम्हाला पाऊण-एक तास शेजारी बसून राहावं लागेल. असं रोज परवडेल का, हे तुमचं तुम्ही ठरवा.

वेग ६०० च का? तेही सांगतो. बिट मिनिटाला १०,००० फेरे घेतं, त्याला दोन धारा आहेत आणि दर धारेनं ०.०३ मिलिमीटरची कपची काढावी अशी अपेक्षा. १०,००० गुणिले २ गुणिले ०.०३, बरोबर ६००. यंत्र फार हळू चालवलं, तर धार कापत नाही, नुसती घासते. लाकूड काळं पडतं, जळका वास येतो, बिट बोथट होतं. भुशाकडे लक्ष ठेवा. बारीक कातरण पडत असेल, तर काम ठीक चाललंय. मैद्यासारखी धूळ उडत असेल, तर बिट घासतंय असं समजा. एमडीएफ मात्र अपवाद. त्याची धूळ नेहमीच मैद्यासारखी असते.

जाहिरात कशी वाचायची?

कामाची जागा : लांबी-रुंदीइतकीच उंचीही बघा. तीस-अठरामध्ये मोटर वर-खाली साधारण ४५ मिलिमीटरच जाते. त्यात लाकडाची जाडी आली, खालची फळी आली आणि बिट लाकडावरून मोकळं उचलायची जागाही आली.

सांगाडा : प्लास्टिकच्या जोडांपेक्षा धातूचे बरे. गोल दांड्यांपेक्षा पूर्ण लांबीभर टेकू असलेले सरळ रूळ बरे. यंत्र समोर असेल, तर मोटर धरून हलक्या हातानं हलवून बघा. डगडगतंय? मग पुढचं यंत्र दाखवा म्हणावं.

मोटर : स्वस्त यंत्रांची मोटर बहुधा शंभर वॅटच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. स्वयंपाकघरातला मिक्सर ५०० ते ७५० वॅटचा असतो! म्हणून चटणी वाटल्यासारखं लाकूड फडशा पाडेल अशी आशा ठेवू नका. बिट धरणाऱ्या चिमट्याला कोलेट म्हणतात. तो प्रमाणित 'ईआर ११' जातीचा असला, की त्यात बसणारं कुठलंही बिट घेता येतं. छोट्या बिटांचा दांडा सहसा ३.१७५ मिलिमीटरचा असतो. हा विचित्र आकडा आला कुठून? पाव इंचाचा अर्धा, म्हणजेच सुतारांच्या भाषेतला एक सूत!

अचूकता : '०.०१ मिलिमीटर अचूक' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. ही मोटर एका फेऱ्याचे २०० समान टप्पे करते. आट्यांचा दांडा एका फेऱ्यात ४ मिलिमीटर सरकवत असेल, तर एक टप्पा झाला ०.०२ मिलिमीटर. इलेक्ट्रॉनिक युक्तीनं टप्प्याचे आणखी तुकडे पाडले, की कागदावर आकडा अजून लहान होतो. पण हा मोटरीला दिलेल्या हुकमाचा बारीकपणा आहे. नट सैल असेल, दांडा वाकत असेल, तर बिट तितकं नेमकं जात नाही. आणि दोस्तहो, पावसाळ्यात आपली दारं फुगून चौकटीत अडकतात, ते विसरलात का? तेही लाकूडच. लाकडात पाव मिलिमीटरपर्यंतचं काम छान साधलं, तर समाधान माना.

मेंदू : नियंत्रक 'जीआरबीएल' किंवा तत्सम खुल्या आज्ञावलीवर चालतो का, हे विचारा. खुला असला, की फुकटचे कार्यक्रम चालतात, सुटी पाटी बाजारात मिळते आणि अडलं तर विचारायला जगभर माणसं असतात. एकाच कंपनीच्या कुलुपातला मेंदू नको. कंपनी बंद झाली, तर यंत्र भंगारात.

मर्यादेची बटणं : प्रत्येक अक्षाच्या टोकाला छोटी बटणं आहेत का, ते बघा. काम चालू असताना वीज गेली, की यंत्राला आपण कुठे आहोत हेच कळेनासं होतं. बटणं असली, तर ते कोपऱ्यात जाऊन बटणाला टेकतं आणि पुन्हा पहिल्या जागेपासून मोजायला लागतं. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा यासाठी थोडे जास्त पैसे दिले तरी चालतील.

लेसर : 'सोबत लेसर मोफत!' असं दिसलं, की सावध व्हा. त्या लेसरचा परावर्तित किरणसुद्धा डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा करू शकतो आणि या छोट्या यंत्रांना सहसा झाकण नसतं. लाकूडकाम शिकायला लेसर लागत नाही. तो नसलेलंच यंत्र घ्या.

वीस हजारांचं यंत्र घेऊ नका!

दचकलात ना? ज्याच्याकडे वीस हजार आहेत त्यानं वीस हजारांचं यंत्र घेतलं, तर ते घरी आल्यावर नुसतं बघत बसावं लागतं. बिट नाहीत, क्लॅम्प नाहीत, चष्मा नाही. सायकल घेतली आणि पंप, कुलूप, दिवा यांना पैसेच उरले नाहीत, तशी गत. मी पैशांची वाटणी अशी करेन. हे बाजारभाव नव्हेत, हे माझं अंदाजपत्रक आहे :

यंत्र : १३,००० रुपये
बिट (सपाट, गोल टोकाचे, व्ही आकाराचे, आणि तुटतील म्हणून जास्तीचे) : १,५०० रुपये
चष्मा, मास्क, कानांचं झाकण : १,००० रुपये
क्लॅम्प आणि खाली ठेवायची बळीची फळी : १,००० रुपये
यंत्रावर झाकायचा, पारदर्शक खिडकीचा प्लायचा खोका : २,००० रुपये
सुटे भाग, जपून ठेवायचे : १,००० रुपये
सरावाचं लाकूड : ५०० रुपये

बेरीज करून बघा, बरोबर वीस हजार! 'बळीची फळी' म्हणजे कामाच्या लाकडाखालची स्वस्त फळी. आरपार कापताना बिट थोडं खाली जातंच. ते यंत्राच्या पाटाऐवजी या फळीत घुसतं.

संगणकाचे कार्यक्रम मात्र फुकट मिळतात. चित्रं काढायला इंकस्केप, घन आकार रचायला आणि त्याचा जी-कोड करायला फ्रीकॅड, आणि कापणं पडद्यावर आधीच बघायला कॅमोटिक्स. हे तिन्ही यंत्र घ्यायच्या आधी शिकता येतात. रुपयाही न खर्च करता तुमचा निम्मा अभ्यास होतो.

बोटं दहाच आहेत

आता ज्यावर मी अजिबात सूट देणार नाही, ते वाचा.

यंत्र चालू असताना डोळ्यांवर चष्मा हवाच. तुटलेलं बिट गोळीसारखं उडतं. मोकळे केस, ओढणी, लोंबत्या बाह्या, गळ्यातली साखळी चालणार नाही. हातमोजेही नकोत. नखभर कापड बिटात गेलं, तर मागोमाग बोट जातं. लाकूड हातानं धरायचं नाही, क्लॅम्पनंच. यंत्र चालू ठेवून जेवायला जायचं नाही. बिट एका जागी अडकून फिरत राहिलं, तर घर्षणानं लाकूड आणि भुसा धुमसू शकतो. पाण्याची बादली किंवा अग्निशामक हाताशी हवा. (वीज बंद केल्याशिवाय यंत्रावर पाणी मात्र टाकायचं नाही!) लाल बटण, म्हणजे सगळं एका झटक्यात बंद करणारं, हात पोहोचेल अशा जागी असावं. अर्थिंग असलेलाच प्लग वापरा. आणि पहिले काही महिने घरातलं मोठं माणूस जवळ असल्याशिवाय चालू करायचंच नाही.

धूळ ही त्याहून छुपी गोष्ट. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. एमडीएफमध्ये चिकटवायला जो डिंक असतो त्यातलं फॉर्माल्डिहाइडही त्याच गटात आहे. म्हणजे एक पाटी केली, की आजार झाला असं नाही. पण रुमाल बांधून भागणार नाही. बारीक धूळ अडवणारा मास्क हवा, खिडकी उघडी हवी आणि झोपायच्या खोलीत यंत्र नको. काम झाल्यावर झाडूनं धूळ उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

न घेणं हाही निर्णय

पाच वस्तूंची यादी केलीत आणि लक्षात आलं, की सगळ्याच मोठ्या आहेत. मग? मग यंत्र घेऊच नका!

आज गावोगावी 'सीएनसी कटिंग' अशी पाटी लावलेली दुकानं आहेत. त्यांचे राउटर आठ बाय चार फुटांचा अखंड प्लाय कापतात. दारांच्या जाळ्या, देवघरांच्या कमानी तिथेच होतात. महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आली. गणपतीसाठी लाकडी आणि एमडीएफची घडीची मखरं आता बाजारात दिसतात, त्यांचे भागही असेच यंत्रावर कापलेले असतात. तुम्ही चित्र तयार करून न्या, भाग कापून आणा आणि घासणं, जोडणं, रंगवणं घरी करा. वीस हजारांत कितीतरी वस्तू होतील. उरलेल्या पैशांत चांगला रंधा, पटाशी, करवत आणि गुण्या घ्या. ही हत्यारं तुमच्या मुलांनाही उपयोगी पडतील.

घेणारच असाल, तर आधी एक चालू यंत्र डोळ्यांनी बघा. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हातानं काम करत शिकायचं, ही तिथली पद्धत. एमआयटीच्या मदतीनं २००२ मध्ये तिथे फॅब लॅब सुरू झाली, ती अमेरिकेबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक. तुमच्या किंवा शेजारच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे का, तेही विचारा. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी या प्रयोगशाळा २०१६ पासून सुरू झाल्या. राउटर नसला, तरी थ्रीडी प्रिंटर असेल. त्याच्याही मोटरी आणि जी-कोड याच जातकुळीतले. आणि गावातल्या सुतारकाकांकडे चार रविवार जाऊन बसा. लाकडाची रेष कुठल्या दिशेला आहे, गाठ कुठे आहे, ओलं लाकूड कोणतं, हे यंत्राला कळत नाही. ते तुम्हालाच कळायला हवं.

साताऱ्याच्या मैत्रिणीला माझं उत्तर असं : तुझ्या पाट्या, डबी आणि नकाशा तीस-अठरावर होतील. धातूच्या जोडांचं, खुल्या मेंदूचं, मर्यादेच्या बटणांचं आणि लेसर नसलेलं यंत्र बघ. तेरा-चौदा हजारांच्या वर जाऊ नकोस. सुटे भाग मिळतात ना, ते आधी विचार. प्लाय, पाइन आणि एमडीएफवर हात बसव. शिसम नंतर. पण पैसे देण्याआधी पहिल्या पाटीचं चित्र आणि तिचा जी-कोड संगणकावर पूर्ण करून ठेव. तो पूर्ण करायला कंटाळा आला, तर वीस हजार वाचले. आणि तहानभूक विसरून केलास, तर बेधडक घे!

घरचा अभ्यास

आलेखाचा कागद आणि पेन्सिल घ्या. तुम्ही व्हा यंत्र, पेन्सिल तुमचं बिट. संगणकात हे हुकूम रोमन अक्षरांत असतात, आपण मराठीत लिहू :

जी२१ (मापं मिलिमीटरमध्ये)
जी९० (सगळी मापं शून्यापासून)
जी० झेड५ (बिट वर उचला)
जी० एक्स० वाय० (झटकन शून्यावर जा)
जी१ झेड-१ एफ१०० (हळूच एक मिलिमीटर खाली उतरा)
जी१ एक्स४० एफ६००
जी१ वाय४०
जी१ एक्स०
जी१ वाय०
जी० झेड५ (पुन्हा वर)

काय आकार निघाला? आता दोन प्रश्न. पहिला, शेवटची ओळ विसरलात आणि यंत्राला 'जी० एक्स१०० वाय१००' असा हुकूम दिलात, तर काय होईल? दुसरा, बिट ३ मिलिमीटर जाड आहे आणि खाली उतरत उतरत लाकूड आरपार कापलं. सुटून निघालेला चौकोन केवढा असेल? ४० मिलिमीटरचा म्हणाल, तर चुकलात!

उत्तरं : (१) बिट लाकडात रुतलेलंच राहील आणि पूर्ण वेगानं तिरकं ओरखडत जाईल. बहुधा तुटेल. (२) ३७ मिलिमीटरचा. बिटाचा मध्य रेषेवरून चालतो, म्हणून दर बाजूला त्याची अर्धी जाडी, दीड-दीड मिलिमीटर, आत खाल्ली जाते.

दोन्ही उत्तरं बरोबर आली असतील, तर पाच वस्तूंच्या यादीचं पान उघडा आणि पहिल्या वस्तूपुढे आकडे भरायला लागा.